टेबलावरचे मिग आणि आपला हिशेब

येत्या मे महिन्यातील युवक शिबिराच्या पूर्वतयारीसाठी झालेल्या बैठकीत मी एक सूचना मांडली होती. चौदा ते अठरा या वयोगटातील मुलामुलींना रोज दीड तास प्रतिकृती बांधण्याचे शिक्षण द्यावे आणि त्या प्रतिकृतींपैकी एक मिग-२१ या लढाऊ जेट विमानाची असावी, अशी ती सूचना होती. तिला तत्काळ विरोध झाला. विरोध करणारी कार्यकर्ती वयाने माझ्या नातीएवढी नसली तरी मुलीहून लहानच आहे; पण तिचा प्रश्न मात्र कोणाही प्रौढाला निरुत्तर करील असा होता. ती म्हणाली, "सर, आयुष्यभर तुम्ही शस्त्रखर्चाविरुद्ध व्याख्याने दिलीत आणि आता आमच्या शिबिरातल्या मुलांच्या हाती लढाऊ विमान देणार? मग बाजारातल्या खेळण्यांच्या बंदुकांना आपण कोणत्या तोंडाने नावे ठेवायची?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. प्रश्न एका शिबिरापुरता नसल्यामुळे त्याचे उत्तर सर्व कार्यकर्त्यांसमोर द्यावे, असे मला वाटते. आधी एक कबुली दिली पाहिजे. निवृत्तीनंतरच्या काळात मी स्वतः अशी विमाने बांधू लागलो आहे. हे लिहीत असताना माझ्या टेबलावर मिग-२१ बिस या प्रकाराची एक अर्धवट रंगवलेली प्रतिकृती उभी आहे. तेव्हा मी या प्रकरणात तटस्थ साक्षीदार नाही, आरोपीच आहे. वाचकांनी माझे म्हणणे त्याच दृष्टीने तपासावे.

प्रथम विरोधी पक्षाची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडतो. प्रतिकृतींचा हा छंद युद्धाच्या अंगणातच वाढलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आज जगभर लहान विमान-प्रतिकृतींसाठी जे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे, ते एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटांना एक इंच. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने देशभरातील शाळांना आवाहन केले आणि याच प्रमाणात लाकडाच्या पाच लाख प्रतिकृती मागवल्या. विमानांच्या पन्नास जाती आणि प्रत्येक जातीच्या दहा हजार प्रतिकृती! मुलांनी वर्गात बसून त्या कोरल्या, काळ्या रंगाने रंगवल्या आणि विमानवेधी तोफांवर शिकणाऱ्या सैनिकांकडे त्या धाडल्या गेल्या. आकाशातली काळी आकृती मित्राची की शत्रूची, हे क्षणार्धात ओळखता यावे हा त्यामागील हेतू होता. शाळेतील सुतारकाम युद्धयंत्रणेला असे थेट जोडले गेले. महायुद्ध संपल्यावर हीच विमाने प्लास्टिकच्या डब्यांतून मुलांच्या हाती आली आणि डब्यावरच्या चित्रांत ज्वाळा, धूर व पराक्रम एवढेच दिसू लागले. ज्यांच्या घरांवर बाँब पडत होते ती माणसे त्या चित्रांत कधीच आली नाहीत. या संस्काराला विरोध करणारे आपण पहिले नव्हे. स्वीडनमध्ये १९७९ साली खेळणी-व्यापाऱ्यांनी शासकीय मंडळाशी करार करून युद्धखेळण्यांची विक्री थांबवण्याचे मान्य केले होते. तेव्हा आमच्या तरुण कार्यकर्तीचा आक्षेप भाबडा नाही. त्यामागे परंपरा आहे.

त्याच इतिहासाला दुसरीही बाजू आहे. इंग्लंडच्या ज्या एअरफिक्स कंपनीचे नाव या छंदाशी कायमचे जोडले गेले, तिने १९४९ साली बनवलेली पहिली जोडणीची प्रतिकृती लढाऊ विमानाची नव्हती. ती शेतातल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरची होती. पराभूत जपानात १९४६ साली लाकूड कापण्याच्या धंद्यातून सुरू झालेली शिझुओकाची तामिया कंपनी पुढे या क्षेत्रात जगात अग्रगण्य ठरली. म्हणजे हाताच्या कौशल्याला युद्धाचीच दिशा मिळावी असा काही निसर्गनियम नाही. दिशा माणसे देतात. मग ती आपण का देऊ नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता मी काय करतो ते थोडक्यात सांगतो; कारण ज्या गोष्टीवर वाद चालला आहे ती डोळ्यांसमोर असल्याखेरीज वाद पोकळ राहतो. डबा उघडला की प्लास्टिकच्या चौकटींत अडकवलेले साठ-सत्तर तुकडे निघतात. ते धारदार कातरीने सोडवायचे, कडा पॉलिशपेपरने घासायच्या आणि मग जोडायचे. त्यासाठी वापरतात तो पदार्थ रूढ अर्थाने डिंक नव्हेच. ते एक द्रावक असते. ते दोन्ही कडा किंचित विरघळवते आणि सुकल्यावर त्या एकजीव होतात. प्रारंभ वैमानिकाच्या बैठकीपासून करावा लागतो, कारण एकदा धड मिटले की आत हात जात नाही. सोव्हिएत विमानांच्या बैठकीचा रंग निळसर हिरवा असे. तो डब्यात मिळेलच असे नाही, मिसळून काढावा लागतो. नाकाच्या शंकूत शिशाचे छर्रे भरतात, नाहीतर तीन चाकांवरचे हे विमान शेपटीवर बसते. धडाच्या दोन अर्धांमधली फट लांबी भरून, घासून, पुन्हा भरून नाहीशी करायची. मग अस्तराचा हात द्यायचा आणि तो सुकला की आपल्या हातून राहिलेल्या सगळ्या चुका दिसू लागतात.

रंगाच्या बाबतीत एक साधे गणित मुलांना अवश्य शिकवावे. ब्रशने जाड हात मारला आणि रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर बहात्तरपटीने तो सात मिलिमीटरांहून जाड पत्र्याइतका ठरतो. म्हणून रंग पातळ करायचा, फवाऱ्याने द्यायचा आणि एका जाड हाताऐवजी चार पातळ हात द्यायचे; प्रत्येक हातानंतर थांबायचे. मग केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ पाण्यात भिजवून चिमट्याने पंखावर सरकवायचे. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ काळपट रंग जिरवायचा, वरचा पुसून काढायचा. सगळ्यात शेवटी विमान 'जुने' करायचे: धूर, तेल, धूळ, बुटांनी खरवडलेला रंग. एवढ्यात माझे तीन महिने गेले आणि अजून काम संपलेले नाही.

ज्याने चाळीस वर्षे फळ्यावर खडूने श्रम, भांडवल आणि उत्पादन यांची समीकरणे मांडली, त्याला साठी उलटल्यावर कळले की श्रम या शब्दाचा अर्थ आपल्या बोटांना मुळीच माहीत नव्हता. वर्ध्याच्या १९३७ सालच्या परिषदेपासून हस्तोद्योगातून शिक्षण या कल्पनेवर आपण किती बोललो आहोत! पण आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलांच्या हाती कानस दिली? बोलणारा वर्ग आणि हाताने करणारा वर्ग यांच्यातली दरी आपल्या चळवळीतही आहे. किंबहुना शिबिरात व्याख्यानांना सकाळचे ताजे तास आणि हस्तकलेला दुपारच्या जेवणानंतरची पेंग, ही वाटणीच त्याची साक्ष आहे.

मिग-२१ हेच विमान मी का निवडले, याचे कारण नाशिक जिल्ह्यात आहे. हे विमान भारतीय हवाई दलात १९६३ साली आले. त्यानंतर सोव्हिएत परवान्याने ते भारतात बनवण्यासाठी १९६४ साली कारखान्यांची उभारणी सुरू झाली: सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसात कोरापूटला, विद्युत-उपकरणे हैदराबादला. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण आणि १९६३ पासून ते लोकसभेत नाशिकचेच प्रतिनिधी होते. भारताने घेतलेल्या साडेआठशेहून अधिक मिग-२१ विमानांपैकी सहाशेहून अधिक देशातच तयार झाली. ओझरच्या पंचक्रोशीतील शेतकऱ्यांच्या पहिल्या शिकलेल्या पिढीने तिथे रिव्हेट मारले, पत्रे वाकवले, तारा जोडल्या. दुसऱ्या टोकाला कोरापूटच्या आदिवासींच्या जमिनी त्या इंजिनांच्या कारखान्याखाली गेल्या. ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणावी लागतात. एकच वाक्य म्हटले तर ते खोटे ठरते.

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात मी रात्रमहाविद्यालयात शिकवीत असे. तेथे ओझरच्या कारखान्यातले काही कामगार दिवसपाळी आटोपून येत. त्यांपैकी एक फिटर आजही माझ्या घरी येत-जात असतो. गेल्या दिवाळीनंतर तो आला, तेव्हा टेबलावरचे विमान त्याने चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ निरखले.

"सर, काम छान झालंय. पण हे विमान फार स्वच्छ आहे हो."

"म्हणजे?" मी विचारले.

"इथं खाली तेलाचे ओघळ असतात. ह्या झाकणाच्या कडेचा रंग उडालेला असतो. उघडायचं, लावायचं, उघडायचं, लावायचं. किती वेळा, त्याची मोजदाद नाही." मग थोडे थांबून तो म्हणाला, "आम्ही विमान सोडलं की ते आमचं नसायचं. पुढं कुठं पडलं-झडलं ते पेपरातच वाचायचं. पण पडलं म्हटलं की त्या रात्री झोप नाही यायची. आपल्या हातचं तर नव्हतं ना ते?"

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. परात्मता हा शब्द मी शेकडो विद्यार्थ्यांना शिकवला असेल. कामगाराला आपल्या हातच्या वस्तूपासून तोडले जाते, असे मी सांगत असे. पण वस्तू हातातून गेल्यावरही तिची काळजी कामगाराच्या मानेवर बसून राहते, हे मला पाठ्यपुस्तकाने शिकवले नव्हते. ते एका प्लास्टिकच्या विमानामुळे माझ्या घरात बोलले गेले. ते विमान टेबलावर नसते तर तो फिटर नेहमीप्रमाणे मुलांच्या नोकऱ्यांवर बोलला असता आणि चहा पिऊन गेला असता.

त्याची रात्रीची झोप का उडत होती, हे आकडेच सांगतात. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत माहिती दिली की, आधीच्या सुमारे चाळीस वर्षांत मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांतील ८ जण मृत्यू पावले. हे आकडे केवळ मिग-२१ चे नव्हेत, सर्व प्रकारच्या मिग विमानांचे आहेत. तरी त्यांतला मोठा भाग मिग-२१ चाच. माझ्या टेबलावरच्या विमानाची लांबी सुमारे वीस सेंटिमीटर आहे आणि दोन पंखांचा एकूण विस्तार दहा सेंटिमीटरलाही थोडा कमी. ते हातात धरले की समजते, की एवढ्या जड देहाला एवढेसे त्रिकोणी पंख असले तर ते हळू उडूच शकत नाही. म्हणून ते ताशी तीनशे किलोमीटरांच्या वर वेगाने धावपट्टीवर उतरवावे लागे. नवशिक्या वैमानिकाला संथ प्रशिक्षण-विमानावरून थेट अशा यंत्रावर बसवू नये, मधल्या पायरीचे प्रगत जेट प्रशिक्षण-विमान घ्यावे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ साली केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली आणि ती हवाई दलात दाखल झाली २००८ साली. शिफारस आणि करार यांमध्ये बावीस वर्षे गेली! या काळात सरकारे आली आणि गेली. त्यांत आपले मित्रपक्षही होते. २००१ साली सुरतगडजवळ मिग-२१ कोसळून मृत्यू पावलेल्या एका तरुण मराठी वैमानिकाच्या आईने पुढे वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कोठे सामान्य माणसाला त्याची जाणीव झाली. शस्त्रखर्चाला सरसकट विरोध करणाऱ्या आपल्या ठरावांत या वैमानिकांचे जीव कधी आले होते का? मी स्वतः अनेक ठराव लिहिले आहेत. त्यांत ते नव्हते, हे मला मान्य केले पाहिजे.

याच विमानाची दुसरी एक स्मृती आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग-२१ विमानांनी रॉकेटे डागली. त्याच दिवशी गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. बांगलादेशच्या मुक्तीसाठी त्याच वर्षी जयप्रकाशजी जगभर हिंडून लोकमत जागे करीत होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग ते विमान केवळ पापाचे प्रतीक आहे असे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. ते केवळ पराक्रमाचे प्रतीक आहे असे म्हणणेही तितकेच अपुरे आहे. प्रतिकृतीसमोर बसणाऱ्या मुलाला या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतील, आणि ती सवय मला मोलाची वाटते.

माझ्या विषयाशी या छंदाचे एक नाते आहे, ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अर्थशास्त्रातही आम्ही प्रतिमाने बांधतो. १९४९ साली बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या अभियंत्याने लंडनमध्ये पाण्यावर चालणारे अर्थव्यवस्थेचे एक यंत्र बांधले. पारदर्शक टाक्यांतून रंगीत पाणी खेळवून कर, बचत, गुंतवणूक यांचे प्रवाह त्याने प्रत्यक्ष दाखवले. हा गृहस्थ महायुद्धात जपान्यांचा युद्धकैदी होता. आणि त्याने यंत्रासाठी वापरलेल्या युद्धशिल्लक सामानात लँकेस्टर या बाँबफेकी विमानांचेही भाग होते! ज्यांनी शहरे जाळली त्यांच्या सुट्या भागांतून रोजगार आणि कर यांचा धडा तयार झाला. युद्धयंत्राचा असाही उपयोग माणसाला सुचू शकतो.

परंतु कोणत्याही प्रतिमानाबाबत आम्ही विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारायला शिकवतो तो असा, की यातून काय वगळले आहे? वगळल्याशिवाय प्रतिमान होतच नाही. प्रश्न असतो तो वगळणाऱ्याच्या हेतूचा. विमानांच्या प्रतिकृतींना हाच प्रश्न लावून पाहा. इंग्लंडमधील फ्रॉग या कंपनीचे साचे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघाकडे गेले, तेव्हा जर्मनी-जपान या शत्रुराष्ट्रांच्या विमानांचे साचे सोव्हिएत बाजूने घेतले नाहीत. जर्मनीत कायद्यानुसार स्वस्तिकचिन्हाच्या प्रदर्शनावर निर्बंध असल्याने तिथल्या डब्यांत नाझी विमानाच्या शेपटीवरचे चिन्ह नसते. या दोन्ही कृतींमागील भावना मी समजू शकतो. पण चिन्ह काढल्याने विमान निरपराध होते का? उलट ते एक देखणे यंत्र तेवढे उरते, आणि मुलाला त्याची भुरळ अधिक सहज पडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे एनोला गे हे विमान स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयाने सुमारे तीन लाख श्रमतास खर्चून मूळ रूपात आणले. १९९५ साली, पन्नासाव्या वर्षी, त्याच्यासमवेत हिरोशिमा-नागासाकीतील जळक्या वस्तू आणि बाँब टाकण्याच्या निर्णयाची चिकित्सा मांडण्याची योजना होती. माजी सैनिकांच्या संघटना आणि काँग्रेसचे सदस्य यांनी गदारोळ केला. मूळ प्रदर्शन रद्द झाले, संचालक मार्टिन हार्विट यांना राजीनामा द्यावा लागला आणि प्रेक्षकांसमोर राहिले ते फक्त चकचकीत धातूचे धड. विमानाचा प्रत्येक रिव्हेट खरा होता आणि तरीही प्रदर्शन अपुरे होते. आक्षेप घ्यायचा तो या वगळण्यावर. विमान बांधण्यावर नव्हे.

आता पैशाचा प्रश्न. तो टाळला तर अर्थशास्त्राच्या माणसाला लाज वाटली पाहिजे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ हवाई दलातून समारंभपूर्वक निवृत्त झाले. आदल्याच दिवशी, २५ सप्टेंबरला, सरकारने ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांचा करार हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी केला. नुसता भागाकार केला तर विमानामागे सरासरी सुमारे ६४३ कोटी रुपये पडतात. अर्थात या रकमेत संबंधित साहित्यही धरलेले आहे. २०२५-२६ चे केंद्रीय संरक्षण-अंदाजपत्रक ६ लाख ८१ हजार कोटींचे आहे आणि शिक्षणाचे १ लाख २८ हजार कोटींचे. शिक्षणाचा मोठा भार राज्ये उचलतात हे मान्य करूनही या दोन आकड्यांतील अंतर डोळ्यांत भरते. एका लढाऊ विमानाची किंमत पाच लाख बुशेल गव्हाइतकी आहे, असा हिशेब १९५३ साली मांडणारा माणूस समाजवादी नव्हता. तो अमेरिकेचा अध्यक्ष आणि माजी सेनापती आयझेनहॉवर होता.

पण खर्चाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे तो शिकण्याचा प्रश्न. ओझरला पहिली मिग विमाने कशी तयार झाली? सोव्हिएत संघातून आलेले तयार भाग जोडून. म्हणजे माझ्या डब्यातल्या संचासारखीच! पुढे टप्प्याटप्प्याने आपण कच्च्या मालापासून भाग घडवू लागलो. हे यश मोठे होते. मात्र दुसऱ्याच्या नकाशावरून भाग घडवणे आणि स्वतः नकाशा काढणे यांत अंतर असते. आपल्याच देशात आखलेले मरुत हे विमान १९६१ साली उडाले. त्याचा प्रमुख आखणीकार जर्मन होता आणि योग्य ताकदीचे इंजिन न मिळाल्याने ते अपुऱ्या शक्तीचेच राहिले. तेजस २००१ साली उडाले, पण त्याचे इंजिन आजही अमेरिकी आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बनलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले, तेव्हा ओझरच्या कामगारांना आनंद झाला असणार आणि तो रास्त आहे. तरी स्वावलंबनाचा जयघोष ऐकताना कार्यकर्त्याने विचारले पाहिजे, की यात आपण जोडले किती आणि घडवले किती? ज्याने एकदा तयार संच जोडला आहे आणि एकदा पुठ्ठा-लाकडातून स्वतः विमान कोरले आहे, त्याला हा फरक व्याख्यानाशिवाय समजतो.

कोणी म्हणेल, एवढे सगळे शिकवण्यासाठी युद्धाचीच वस्तू कशाला? पवनचक्की बांधा, धरण बांधा. अवश्य बांधावे, माझ्या सूचनेत पवनचक्की होतीच. परंतु एक आठवण करून देतो. महाराष्ट्रातील मूल पिढ्यानपिढ्या दिवाळीत एक लष्करी प्रतिकृती बांधत आले आहे. अंगणात दगडमातीचा किल्ला रचायचा, बुरूज काढायचे, मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवायची, दरवाजात मावळे उभे करायचे. हे आपण सर्वांनी केले. त्याने आपण युद्धखोर झालो नाही. कारण त्या किल्ल्यावर विहीर असते, धान्याचे कोठार असते, पायथ्याशी गाव असते, बैलगाडी घेऊन जाणारा शेतकरी असतो. ज्याच्या कष्टावर किल्ला उभा आहे तो माणूस त्या देखाव्यातून हाकलला गेलेला नाही. प्लास्टिकच्या डब्यातल्या विमानाला हा पायथाच नसतो. तो आपण जोडला पाहिजे.

तेव्हा माझी सूचना मी मागे घेत नाही; दुरुस्त करतो. तिला तीन अटी जोडतो. पहिली अट अशी, की तयार संच सर्व गटांत मिळून एकच असावा. परदेशी संचांच्या किमती शेतमजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतक्या असतात आणि ज्या छंदात गरीब मूल फक्त बघे राहते तो आपल्या शिबिरात शोभणार नाही. बाकीच्या प्रतिकृती पुठ्ठा, बांबू आणि टाकाऊ लाकूड यांतून, कागदावरच्या मापांवरून मुलांनीच कोराव्यात. दुसरी अट: शिबिरात एक दिवस व्याख्याता म्हणून कारखान्यातला निवृत्त कामगार यावा. त्याने मुलांच्या विमानांतल्या चुका काढाव्यात, आणि त्याला खुर्ची, हार व मानधन जे प्राध्यापकाला मिळते तेच मिळावे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक प्रतिकृतीखाली मुलांनी स्वतः शोधून लिहिलेला एक तक्ता असावा: हे कोणी बांधले, कोणाच्या जमिनीवर बांधले, किंमत किती, कोणत्या युद्धात वापरले, त्याखाली कोण मेले आणि त्यात बसून कोण मेले. ज्या गटाचा तक्ता अपुरा त्याची प्रतिकृती अपुरी समजावी, मग रंगकाम कितीही सुबक असो. पवनचक्की आणि धरणालाही हाच नियम लावावा. धरणाच्या तक्त्यात बुडालेली गावे आली पाहिजेत.

आमच्या तरुण कार्यकर्तीला मी एवढेच सांगू इच्छितो, की तुमची भीती खरी आहे. सुंदर यंत्र माणसाला भुलवते; मलाही भुलवते. रात्री दिव्याखाली तो पंख राखाडी होत जाताना जो आनंद होतो, त्यात कोणत्याही तत्त्वज्ञानाला जागा नसते. म्हणूनच तक्ता हवा. मुलांपासून विमान लपवून ठेवले तर ते त्यांना टीव्हीवर, संचलनात, निवडणुकीच्या फलकावर दिसणारच आहे. आणि तिथे त्याखाली कोणताही हिशेब लिहिलेला नसेल. हिशेब लिहायचा हात आपण तयार केला नाही तर तो दुसरे कोणी करणार नाही.

पुढच्या बैठकीला मी माझे विमान घेऊन येणार आहे. फिटर मित्राच्या सूचनेप्रमाणे पोटाखालचे तेलाचे ओघळ काढून झाले आहेत, झाकणाच्या कडांचा रंग उडवला आहे. तक्ता मात्र अजून पुरा नाही. कोरापूटच्या ज्या कुटुंबांच्या जमिनी गेल्या त्यांचे पुढे काय झाले, ही ओळ मला रिकामी ठेवावी लागली आहे. ती भरण्याचे काम शिबिरातल्या एखाद्या गटाने अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. सूचना मान्य करायची की फेटाळायची, हे बैठकीने त्यानंतर ठरवावे.